आपल्याच पायावर धोंडा: दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षासाठी

दारू सोडून चौथा महिना चालू होता. त्या दिवशी कंपनीत मला शिफ्ट इन्चार्ज केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला, लाइनवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर बायकोने शिरा केला होता. अर्ध्या तासात मी त्या शिऱ्यावरूनच भांडण उकरून काढलं, चपला अडकवल्या आणि दार आपटून निघालो. साडेसातला चौकातल्या परमिट रूमच्या पायरीवर उभा होतो. खिशात हात घातला तर पाचशेच्या दोन नोटा. चार महिने मी रोख पैसे जवळ ठेवत नव्हतो. मग ह्या कुठून आल्या? बढतीची कुणकुण मला आदल्या दिवशीच लागली होती, आणि सकाळी कामावर जाण्याआधी मीच त्या नोटा कपाटातून काढल्या होत्या. भांडण संध्याकाळी झालं, पण पिणं सकाळीच ठरलं होतं.

मी आत गेलो. पुढचे अकरा दिवस गेले. त्यानंतर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, त्याला आता नऊ वर्षं झाली. हा लेख ज्यांनी नुकतीच सोडली आहे त्यांच्यासाठी आहे. वाईट दिवस कसे काढायचे हे तुम्हाला बरेच जण सांगतील. माझा अनुभव असा की आम्हा पिणाऱ्यांना चांगला दिवस जास्त जड जातो. काहीतरी नीट जमायला लागलं की आपलेच हात ते मोडायला निघतात. ही खोड ओळखता येते आणि मोडताही येते.

सगळ्यात आधी शरीर

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसं आणि किडे दिसतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायची पद्धत आहे. अधूनमधून पिणाऱ्याला त्याने काही होत नाही. रोज सकाळी हात थरथरणाऱ्याला मात्र श्रावणाचे पहिले चार दिवस खरोखर धोक्याचे असतात. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, ओळखीचे फॅमिली डॉक्टर किंवा व्यसनमुक्ती केंद्र यांपैकी एका ठिकाणी आधी जा. तिथे गोळ्या देऊन हे दिवस सुरक्षित काढता येतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण सततच्या पिण्याने शरीरात त्याची कमतरता होते.

घरच्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चहात किंवा भाजीत गुपचूप घालायची 'दारू सोडवण्याची पावडर' आणू नका. डायसल्फिराम नावाचं औषध डॉक्टर देतात, पण ते घेणाऱ्याला सांगून, तपासण्या करून. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, छातीत धडधड होते, जीवावर बेतू शकतं. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही, तो सावध कसा राहणार?

हे आपण का करतो

१९७८ साली एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना सुटतील अशी कोडी दिली, काहींना मुळात सुटूच शकणार नाहीत अशी. दोन्ही गटांना सांगितलं, छान सोडवलीत. मग पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायला सांगितलं, एक डोकं तल्लख करणारं आणि दुसरं मंद करणारं. ज्यांना आपलं यश कशामुळे आलं हे कळलंच नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांनी जास्त करून मंद करणारं औषध निवडलं. पुढे नापास झालो तर दोष औषधाचा, आणि पास झालो तर 'औषध घेऊनही जमलं'. त्या दोघांनी याच विचारातून दारूच्या ओढीबद्दलही लिहिलं आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या दोन नोटा आठवल्या. शिफ्ट इन्चार्ज झालो होतो, पण मी त्या लायकीचा आहे हे मला पटत नव्हतं. आज ना उद्या लोकांना कळेल, असं आतून वाटत होतं. पिऊन पडलो की निदान कारण तरी तयार असतं: 'दारूने घात केला, नाहीतर माणूस हुशार होता.' हे वाक्य आपल्याकडे किती जणांच्या तेराव्याला ऐकलं असेल. ते ऐकताना मला आता अंगावर काटा येतो, कारण जिवंतपणी मी स्वतःसाठी हेच वाक्य तयार करत होतो.

पायरी पहिली: उलटं लिहा

एक साधी वही घ्या. तुम्ही याआधी सोडून पुन्हा सुरू केली असेल (बहुतेकांनी केलेली असते), तर शेवटची ती वेळ आठवा. पहिल्या घोटापासून मागे मागे जात तीन दिवसांचं लिहा. घोटाआधी कुठे होतो? तिथे कुठल्या रस्त्याने गेलो? त्याआधी कोणाचा फोन आला, किंवा कोणाला केला? पैसे कधी काढले? जेवलो होतो का? त्याच्या आदल्या रात्री झोप किती झाली? त्या आठवड्यात काही चांगलं घडलं होतं का?

हा शेवटचा प्रश्न वगळू नका. माझ्या वहीत तीनदा सोडल्याची नोंद आहे, आणि तीनपैकी दोनदा उत्तर 'हो' आहे.

लिहिताना तुम्हाला बारीक बारीक निर्णय सापडतील, आणि प्रत्येक वेगवेगळा बघितला तर निरुपद्रवी वाटेल. पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात एक बाटली राहू दिली. जुन्या टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो नाही, 'उगाच वाईट दिसेल' म्हणून. ट्रॅफिक टाळायचा म्हणून देशीच्या दुकानावरून जाणारा रस्ता धरला. दारू सोडलेल्यांची मीटिंग चुकवली, पाऊस होता. मित्राला 'फक्त सोबत' म्हणून बारमध्ये बसलो आणि सोडा घेतला. ॲलन मार्लाट हे मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर याच विषयावर काम करत होते. वरवर संबंध नसलेले असे निर्णय माणसाला हळूहळू पेल्यापर्यंत कसे नेतात, हे त्यांनी दाखवलं. ग्लास समोर आल्यावर नाही म्हणणं फार अवघड असतं. दोन नोटा कपाटात परत ठेवणं त्या मानाने सोपं असतं. म्हणून आपलं सगळं लक्ष नोटांवर हवं.

यादी झाली की त्यातले तीन निर्णय निवडा आणि या आठवड्यात ते उलटे करा. बाटली ओतून टाका. ग्रुप सोडा. रस्ता बदला.

पायरी दुसरी: कॅलेंडरवर खुणा

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पुढच्या तीन महिन्यांतले अवघड दिवस लाल पेनने गोल करा. पगाराचा दिवस, बोनस, गावची जत्रा, मेहुण्याची हळद आणि वरात, विसर्जन, ३१ डिसेंबर, कंपनीची पिकनिक. कोणी गोव्याला जायचं ठरवत असेल तर पहिल्या वर्षी स्पष्ट नाही म्हणा. तिथे दारू स्वस्त आहे आणि पदोपदी आहे, आणि बरोबरची मंडळी त्याचसाठी निघालेली असतात.

श्रावणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मी त्यात बारा वर्षं फसलो. दर वर्षी महिनाभर, कधी गणपती उठेपर्यंत, थेंबही घ्यायचो नाही. मग बायकोला म्हणायचो, 'बघ, मनात आणलं तर सोडू शकतो.' खरं म्हणजे तो महिना मी दिवस मोजत काढायचो आणि शेवटच्या दिवशी व्याजासकट वसूल करायचो. श्रद्धेने श्रावण पाळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ज्याचं पिणं हाताबाहेर गेलंय त्याने सोडण्याला शेवटची तारीख ठेवू नये. तारीख ठेवली की ती सुटीच्या दिवसासारखी वाट बघायला लावते.

आता निळा पेन घ्या. वाढदिवस, निकाल, बढती, घराचा ताबा, मुलीचा बक्षीस समारंभ, सोडल्याला शंभर दिवस पूर्ण होणं, हे सगळे निळ्याने गोल करा. निळ्या दिवसांची तयारी लालपेक्षा जास्त करायची आहे.

पायरी तिसरी: वाक्यं आधी पाठ करा

आपल्याकडे 'बसायचं का?' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तेव्हा उत्तरही तितकंच छोटं हवं. 'मी घेत नाही.' एवढंच.

'सध्या नको' म्हणू नका. 'सध्या' या शब्दाला समोरचा माणूस मुदत समजतो, आणि आपलं मनही समजतं. 'गोळ्या चालू आहेत' म्हणालात तर पुढच्या महिन्यात तोच माणूस विचारेल, 'संपल्या का गोळ्या?' सासुरवाडीला जावयाला आग्रह होतो, तिथे मोठ्यांपुढे आवाज चढवता येत नाही. मी सासऱ्यांना जेवणाआधी बाजूला नेऊन सांगितलं, 'मामा, मी सोडली आहे. कोणी आग्रह केला तर तुम्ही माझ्या बाजूने बोला.' त्यांनी नंतर पूर्ण संध्याकाळ माझा ग्लास लिंबू सरबताने भरत ठेवला.

शिवाय प्रत्येक लाल आणि निळ्या दिवसासाठी 'झालं तर' असं एक वाक्य लिहून ठेवा. 'पगार जमा झाला, तर त्याच तासात घरखर्चाचे पैसे बायकोच्या खात्यात टाकीन.' 'वरातीत बाटली फिरायला लागली, तर आईला घेऊन हॉलवर जाईन.' 'बढती मिळाली, तर घरी जाण्याआधी काकांना फोन करीन.' (काका म्हणजे माझ्याआधी दारू सोडलेले एक जण, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.) 'सांभाळून राहीन' असं लिहिलेलं काही कामाचं नाही. कोण, कुठे, किती वाजता, हे त्यात यायला हवं.

पायरी चौथी: अर्धा तास

तलफ आली की वाटतं, आता ही वाढतच जाणार. पण ती लाटेसारखी चढते आणि उतरते, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात. तेवढा वेळ काढायचा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेली संघटना, तिच्या मीटिंगमध्ये चार प्रश्न सांगतात: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, थकलो आहे का? मला संध्याकाळी सातची तलफ ही निम्म्या वेळा नुसती भूक असायची. कामावरून येताना शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं खायला लागलो आणि ती वेळ सोपी झाली. खारे दाणे आणि फरसाण मात्र पहिले काही महिने मी घरात आणलं नाही, जिभेला त्याच्यामागचं लगेच आठवायचं.

पायरी पाचवी: एक माणूस

हे एकट्याने होत नाही. मी दोनदा प्रयत्न केला होता.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत अक्रन या गावी सुरू झालं, एका शेअर दलालाने आणि एका सर्जनने केलेलं. दोघंही दारुडे होते. आता महाराष्ट्रात आणि गोव्यातही त्यांच्या मीटिंगा होतात, मराठीतही. फी नाही, आडनाव सांगायचं नाही, फक्त सोडायची इच्छा हवी. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पिणाऱ्या बाईला आपल्याकडे दुप्पट लाज वाटायला लावतात आणि त्या लाजेपायी ती मदतच मागत नाही. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

यातून एक माणूस निवडा, जो तुमच्याआधी सोडून बसला आहे. मी ज्यांना काका म्हणतो ते माझे असे. त्यांनी एकच अट घातली: 'पिण्याआधी फोन कर, पिऊन नाही.' पहिल्या सहा महिन्यांत मी त्यांना रोज फोन केला. निम्म्या वेळा सांगायला काही नसायचं. तरी करायचो, कारण रोज फोन करायची सवय असलेल्या हातालाच अवघड दिवशी तो नंबर सापडतो.

पायरी सहावी: न पिता केलेली मोडतोड

बाटली गेली तरी मोडायची सवय राहते, आणि ती इतर ठिकाणी हात घालते.

पहिला प्रकार, एकदम सगळं करणं. दहाव्या दिवशी पहाटे पाचची जिम, संध्याकाळी कोर्स, सगळ्यांची उधारी दोन महिन्यांत फेडण्याचं वचन. तिसऱ्या आठवड्यात यातलं काहीच जमत नाही, आणि मन म्हणतं, 'तू असाच.' तीन महिन्यांत एकच नवी गोष्ट घ्या. मी पहिल्या तीन महिन्यांत फक्त वेळेवर जेवलो आणि झोपलो. पुढच्या तीन महिन्यांत उधारीची यादी केली आणि प्रत्येकाला महिना पाचशे द्यायला लागलो. एका दुकानदाराचे पैसे फिटायला चौदा महिने लागले, पण पाचव्या महिन्यापासून तो मला आत बसवून चहा द्यायला लागला होता. मोबाईलवरची पैशाची रमी आणि लॉटरी यांपासून लांब राहा. दारूची रिकामी झालेली जागा त्यांना नेमकी बसते.

दुसरा प्रकार जास्त बोचरा आहे. तुम्ही दोन महिने थेंब घेतलेला नाही, आणि तरी दारात पाऊल टाकलं की बायको जवळ येऊन वास घेते. आई खिसे चाचपते. दहा मिनिटं उशीर झाला की फोन. आणि मनात विचार येतो, 'न पिऊनही संशयच घ्यायचा असेल, तर पिलेली काय वाईट?' हा विचार मी मीटिंगमध्ये जवळपास प्रत्येकाच्या तोंडून ऐकला आहे. तो इतका न्याय्य वाटतो, म्हणूनच घातक.

मी त्यावर जे केलं ते सांगतो. विचारायच्या आधी हिशोब द्यायला लागलो. निघताना फोन, 'निघालो, पावणेसातला पोचेन.' उशीर होणार असेल तर आधी कळवायचं. घरी आलो की आधी बायकोजवळ जाऊन बोलायचं, म्हणजे तिला चोरून वास घ्यावा लागायचा नाही. पहिल्या वेळी तिला रडू आलं. तिने पंधरा वर्षं माझी खोटी वचनं ऐकली होती, तिच्या मनाला दोन महिने पुरणार नव्हते. माझ्या घरी संशय पूर्ण जायला दीड वर्ष लागलं. तुमच्याकडे कमी-जास्त लागेल. तोवर त्याला अपमान समजू नका. ती अजून तुमची वाट बघते, म्हणून तर दाराशी येते.

पायरी सातवी: चांगला दिवस पार पाडणं

निळा दिवस आला की तीन तासांची आखणी करा. बातमी कळल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या माणसाला फोन. मग जेवण, घरच्यांबरोबर. मग झोप, नेहमीच्या वेळेला. त्या दिवशी कोणताही मोठा निर्णय नाही, कोणाशी जुना हिशोब काढणं नाही. भांडावंसं वाटलं तर मनातल्या मनात विचारा: हे भांडण आत्ताच का? मला बाहेर पडायला कारण हवं आहे का?

आणखी एक सवय लावा, अवघड आहे पण लावाच. कोणी कौतुक केलं की 'छे छे, माझं काय त्यात' म्हणू नका. 'धन्यवाद, मेहनत केली होती' म्हणा. मग रात्री वहीत लिहा की हे यश कशामुळे आलं: किती दिवस वेळेवर गेलो, कोणती मशीन स्वतः दुरुस्त केली, कोणाला शिकवलं. त्या प्रयोगातल्या मुलांना आपलं यश कुठून आलं ते माहीत नव्हतं. तुम्हाला ते तुमच्याच अक्षरात वाचता यायला हवं.

आणि घसरलात तर

काहीजण घसरतात. मीही घसरलो होतो. पहिल्या पेगने जितकं नुकसान केलं नाही तितकं त्यामागून आलेल्या वाक्याने केलं: 'आता गेलंच सगळं, मग पुरतंच पिऊ.' माझे अकरा दिवस त्या वाक्याने खाल्ले. मार्लाट यांनी या मनःस्थितीचाही अभ्यास केला होता. एका चुकीला माणूस आपल्या स्वभावाचा पुरावा मानतो आणि मग स्वतःला सोडूनच देतो.

म्हणून ग्लासात उरली असेल ती तशीच ठेवून उठा. त्याच रात्री तुमच्या माणसाला सांगा, कितीही वाजले असले तरी. घरच्यांना सकाळपर्यंत सांगा, त्यांना वासावरून कळायच्या आधी. चोवीस तासांच्या आत मीटिंगला किंवा डॉक्टरांकडे जा. सलग काही दिवस प्यायलात तर परत एकदम बंद करू नका, पहिल्या वेळेसारखंच डॉक्टरांना दाखवून करा. मग वहीचं नवं पान उघडा, तारीख टाका, आणि त्या घोटापासून मागचे तीन दिवस उलटे लिहायला घ्या. पैसे कधी काढले होते, तिथून.